माझ्या नावावरचे साडेचौदा लाख

कान्हे,
१२ जून २०२५

आदरणीय आबा,
जय भीम.

तुमच्या गावात फोन लागत नाही, आणि लागला तर तुम्ही टेकाडावर उभे राहून इतक्या मोठ्याने बोलता की अख्ख्या आंदर मावळाला ऐकू जातं. ही गोष्ट तशी ऐकू जायला नको, म्हणून पत्र. शाळेत जायच्या आधी तुम्हीच मला पोस्टाच्या जुन्या फॉर्मांवर अक्षरं गिरवायला शिकवलीत आणि मनीऑर्डरीच्या बेरजा करायला लावल्यात. बाबा गेल्यापासून, त्यांचे थोरले भाऊ म्हणून, घरात मोठं माणूसही तुम्हीच. दुसऱ्या कोणाला विचारू?

माझ्या पाठच्या समीक्षाचं नर्सिंगचं दुसरं वर्ष सुरू होतंय. शिष्यवृत्तीसाठी घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो. घरात कमावणारी मी एकटी. तलाठी म्हणाले, "पगाराची पावती आण." मी म्हटलं, पगार नाही. तुंगार्लीच्या बंगल्यांवर पाहुणे आले की स्वयंपाक करते, ॲपवरून ऑर्डरी येतात त्या घेते, काम झालं तर पैसे, नाही तर घरी. ते म्हणाले, "मग इन्कम टॅक्सचं रिटर्न आण."

मला वाटायचं, रिटर्न पगारवाल्यांचं. भांगरवाडीत राजेश्वरी मॅडम टॅक्सची कामं करतात, त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "तू स्वयंरोजगारी. नोकरदाराचा कर मालक कापतो आणि हिशेबही मालकच देतो. तुझा हिशेब तूच ठेवायचा आणि तूच सांगायचा." मग मी वह्या, यूपीआयचे मेसेज, गॅसच्या पावत्या घेऊन बसले. वर्षभरात आले दोन लाख एकसष्ट हजार. भाजी, किराणा, गॅस, रिक्षा वजा जाता उरले एक लाख एक्याण्णव हजार. तीन वेळा बेरीज केली. एक शंका मात्र मॅडमना विचारायची लाज वाटली. पाहुणे विसरून गेलेल्या अकरा छत्र्या आपल्या घरी आहेत. त्या उत्पन्नात धरायच्या का? हसू नका.

आता खरी गोष्ट. रिटर्न भरायच्या आधी मॅडमनी सरकारच्या साइटवर माझं वार्षिक माहितीपत्रक उघडलं. आपल्या पॅनवर वर्षभरात कुठून किती आलं ते त्यात दिसतं. त्यात एका बुकिंगच्या ॲपकडून मला चौदा लाख बावन्न हजार सहाशे रुपये मिळाल्याचं लिहिलंय. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "कुठला बंगला आहे तुझा?"

आबा, तीन वर्षांपूर्वी मी 'सावली' बंगल्यावर कामाला लागले तेव्हा मालकांच्या मॅनेजरने, रतनने, लोणावळ्यातल्या बँकेत माझं खातं काढलं होतं. पगार त्यात येईल म्हणाला. कधी आला नाही. पासबुक, कार्ड आणि त्या खात्याचं सिम त्याच्याकडेच आहे. तो फॉर्म तुम्हीच भरला होता, मी खाली सही केली. तेव्हा अजून कुठल्या कागदांवर सह्या झाल्या, आठवतं का? मला नीट झोप लागत नाही.

तुमची,
यशोधरा


आंदर मावळ,
२० जून २०२५

चि. यशोधरा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. छत्र्यांचं वाचून लय हसलो. तुझी काकू म्हणती, दोन हिकडं पाठव, आमी धरतो उत्पन्नात.

बाकी तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नगंस. मोठ्या लोकांचे कागद मोठे असत्यात. आपल्याला त्यातलं काय कळतंय? चौदा लाख तुझ्या नावावर दिसत्यात, तुझ्या खिशातनं तर कुणी मागत न्हाई ना? सायबानी तुला बाप नसताना काम दिलं. सावलीवर तुझं पाऊल पडलं म्हणून बाकीचे तीन बंगले कामाला मिळाले. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.

फॉर्म मी भरला व्हता, खरं हाय. पोस्टात तीस वर्षं लोकांचे फॉर्मच भरले, कुटला कुणाचा ते काय ध्यानात ऱ्हातं? रतनला भेट. तो सांगल तसं कर, आन दुसऱ्या कुणापाशी बोलू नगंस. त्या बाईपाशी तर न्हाईच.

भाताचं रोप वर आलंय. पुढल्या म्हयन्यात लावणी. समीक्षाला आशीर्वाद सांग.

तुझा,
गोरख आबा


कान्हे,
२ जुलै २०२५

आदरणीय आबा,
जय भीम.

तुम्ही सांगितलंत म्हणून रतनला भेटले. सावलीच्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसला होता. काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

"ताई, टेन्शन काय घेता? आमच्या सीएनी सगळं काढून ठेवलंय. छोट्या धंद्याला सरकारनं सोय दिलीये. ऑनलाइन आलेल्या रकमेच्या सहा टक्के नफा दाखवायचा, बास. चौदा लाखांचे सहा टक्के किती? सत्त्याऐंशी हजार. त्यावर टॅक्स किती? झिरो! तुम्ही फक्त ओटीपी सांगायचा. साहेब दहा हजार देणार, वर दिवाळीला साडी."

"पण धंदा माझा नाही. बंगला साहेबांचा आहे."

"कागदावर तुम्ही होस्ट आहात, ताई. मानाची गोष्ट आहे. लोक पुण्यातून येतात, तुमचं नाव वाचतात."

"माझं खरं उत्पन्न एक लाख एक्याण्णव हजार आहे. त्यात तुमचे सत्त्याऐंशी मिळवले की दोन लाख अठ्ठ्याहत्तर होतात. समीक्षाची शिष्यवृत्ती जाते."

त्यावर तो काय म्हणाला माहीत आहे? "मग तुमचं दाखवूच नका ना! फक्त आमचं दाखवा."

म्हणजे मी चुलीपाशी उभं राहून मिळवलेलं लपवायचं, आणि ज्याचा एक रुपया पाहिला नाही ते माझं म्हणून सांगायचं.

मॅडमना सगळं सांगितलं. होय, सांगितलं. त्या म्हणाल्या, ही सोय खरी आहे, पण ज्याचा धंदा त्याला. माझी खरी कमाई सहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मीही ती जास्तच दाखवली पाहिजे. हे उत्पन्न साहेबांनी स्वतःच्या नावावर दाखवलं तर त्यांच्या बाकीच्या कमाईत मिळून लाखांत कर लागेल. म्हणून मी. वर, कर शून्य आला म्हणून खोटं खरं होत नाही. रिटर्नखाली सही माझी असते. उद्या नोटीस आली तर तीही मलाच.

आबा, आता एक विचारते. निघताना रतन हसत म्हणाला, "ऐकलंय की ताई छत्र्यांचापण टॅक्स भरणार आहेत!"

छत्र्यांचं मी फक्त तुम्हाला लिहिलं होतं. आईलाही नाही, समीक्षालाही नाही.

उत्तर द्या.

यशोधरा


कान्हे,
२४ जुलै २०२५

आबा,
जय भीम.

तीन आठवडे झाले. लावणी चालू असेल, हात चिखलात असतील, असं मी स्वतःला सांगत राहिले. मागच्या रविवारी विहारात तुमच्या गावची माणसं भेटली. म्हणाली, लावणी केव्हाच उरकली, आबा ओट्यावर बसलेले असतात.

मला तुम्ही एक गोष्ट शिकवली होती. पोस्टाच्या माणसाने पत्र ज्याचं त्याला द्यावं, पाकिटाच्या तोंडाकडे बघूही नये. मी सहा वर्षांची होते. ते मी अजून पाळते. वंदनेला तुम्ही पुढे बसून खोटं न बोलण्याचं शील, मुसावादा, म्हणता, आम्ही मागून म्हणतो. आता मला तुमच्या मागे म्हणायचं अवघड जाईल.

मी काय केलं ते सांगते, म्हणजे रतनला वाचून दाखवायला तुम्हाला बरं पडेल.

सोमवारी आधार कार्ड घेऊन बँकेत गेले. दोनदा दारातून परत फिरले. मग काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, हे खातं माझं आहे, कार्ड माझ्याकडे नाही, ते कार्ड बंद करा. मोबाइल नंबर बदला. तीन वर्षांचा उतारा द्या. त्यांनी सही जुळवून पाहिली. जुळली. पंधरा मिनिटांत झालं. तीन वर्षं मी ज्याला घाबरले ते पंधरा मिनिटांचं काम होतं.

दोन दिवसांनी रतन आपल्या दारात आला, सोबत साहेबांची मोठी गाडी. आई तांदूळ निवडत होती.

"मावशी, पोरीला समजवा. खात्यात साहेबांचे एक लाख चौसष्ट हजार अडकलेत."

आई म्हणाली, "खातं कोणाचं?"

"नावाला तिचं."

"मग नावाला तिचे पैसे अडकलेत. तुमाला का घाम फुटलाय?"

मी आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. रतन माझ्याकडे वळला. "ताई, चारही बंगल्यांचं काम आजपासून बंद. आणि हे चोरीत बसतं, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "एका रुपयाला हात लावलेला नाही. साहेबांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यावं की बंगला माझा, भाडं माझं, उत्पन्न माझं. त्याच दिवशी सगळे पैसे त्यांच्या खात्यात टाकते. रोख नाही, बँकेतून बँकेत, सगळ्यांना दिसेल असं."

"असं कोण लिहून देतं?"

"ज्याचं असतं तो."

गाडी गेल्यावर मी ओट्यावर बसून अर्धा तास रडले. पण माघार घेतलेली नाही. घेणार नाही.

यशोधरा


आंदर मावळ,
६ ऑगस्ट २०२५

चि. यशोधरा हीस,

काय लिहू. चार येळा कागद फाडला.

तुझं पयलं पत्र मी रतनला वाचून दाखवलं. तो हितं आलता, चहाला बसलाता. मला वाटलं, त्याच्या कानावर घातलं तर तोच निस्तरंल. दुसरं दाखवलं न्हाई. तिसरं तर उशाखाली हाय.

आता जे लपवलं ते सांगतो. तुझ्या एकटीच्या नावावर न्हाई. धरणाकडंला सायबांचे तंबू हायती, पाहुण्यांच्या राहण्याचे. ते माझ्या नावावर हायती. माझंबी तसंच खातं, तसंच कार्ड रतनकडं. चार वर्षं झाली. म्हयन्याला तीन हजार देत्यात. पोस्टाचं काम सुटल्यावर हातात काय व्हतं? तुझ्या काकूच्या गुडघ्याची औषधं त्यातनंच येत्यात. तुला सावलीवर लावलं तवा रतननं मला हजार रुपये दिले, ते मी घेतले. फॉर्म कशाचा हाय ते मला ठावं व्हतं.

मी सगळ्या गावाची पत्रं वाचली, पोरी, आन स्वतःच्या सहीचा कागद वाचला न्हाई. वाचला असता तर तीन हजार सोडावं लागलं असतं.

एकच मागणं. तू काय तक्रार करशील ती कर, पर त्यात माझं नाव घालू नगंस. या वयात मला झेपायचं न्हाई.

गोरख


कान्हे,
१२ ऑगस्ट २०२५

आबा,
जय भीम.

पत्र वाचलं. आईला वाचून दाखवलं नाही. ते तुमचं आहे.

तुमचं नाव मी कुठेही लिहिणार नाही. पण तुम्हाला वाचवायला नाही. ते लिहायचं काम तुमचं आहे, म्हणून. तुम्ही स्वयंरोजगारी नाही, तंबूवालेही नाही; पण तुमच्या पॅनवर काय चढलंय ते तुम्ही एकदाही पाहिलेलं नाही. मॅडम म्हणतात, चढलेलं आपोआप उतरत नाही. आणि तुम्हाला मिळालेले तीन हजार खरे आहेत, ते सांगावे लागतील. त्यावर कर बसणार नाही, पण सांगावे लागतील. काकूंच्या औषधांचा खर्च मी उचलीन, हे त्याच्याशी जोडू नका.

माझ्याकडून मी साइटवर त्या नोंदीपुढे लिहिलंय की हे उत्पन्न माझं नाही. ॲपला कळवलंय की माझं नाव काढा. माणसं मला वेडी म्हणतात. सावलीच्या शेजारच्या बंगल्यावर काम करणारी राजगुरवाडीची बाई म्हणाली, "अगं, आमच्या सगळ्यांच्या नावावर हायती, तुलाच काय सोनं लागलंय?" मी विचारलं, तुमच्या नावावर किती आहे? तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पॅन कार्ड घेऊन आली.

चार बंगले गेले. स्टेशनजवळच्या कंपनीतल्या मुलांचे आठ डबे मिळालेत. वहीत पहिल्या दिवसापासून लिहिते आहे.

यशोधरा


आंदर मावळ,
२९ ऑगस्ट २०२५

चि. यशोधरा,

घाईत लिहितोय, एसटी सुटायच्या आत टपालात पडलं पायजे.

रतन आलता. म्हणाला, तुला पुण्याच्या वकिलाची रजिस्टर नोटीस धाडलीय. पंधरा दिसांत पैसे न्हाई दिले तर पोलिसात तक्रार, अफरातफर का काय म्हणाला. पोरी, आपुन कोण, ते कोण. समीक्षाचं शिक्षण, तुझं लग्न, सगळं ऱ्हायलंय अजून. मी पाया पडतो. पैसे देऊन टाक, रतन सांगल तितं सही कर आन मिटव. माझ्यामुळं तू यात पडलीस, माझ्यासाठी बाहेर ये.

तुझा आबा


कान्हे,
८ सप्टेंबर २०२५

आदरणीय आबा,
जय भीम.

नोटीस आली. पोस्टमनने सही घेतली. आधी पाकीट न उघडता तासभर फडताळात ठेवलं. मग उघडलं. तीन पानं होती. तुम्ही शिकवल्याप्रमाणे प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचलं. दुसऱ्या पानावर हे होतं, शब्द न बदलता उतरवते:

"'सावली' हा बंगला आमच्या अशिलाच्या संपूर्ण मालकीचा असून त्याच्या भाड्याचे समस्त उत्पन्न हे आमच्या अशिलाचेच आहे. सदर रक्कम सन २०२२ पासून केवळ सोयीकरिता आपल्या नावावरील खात्यात जमा होत आलेली असून तिच्यावर आपला कोणताही हक्क नाही."

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "म्हणजे तू मागत होतीस तेच की हे."

तेच. मी साध्या कागदावर एक ओळ मागितली होती. त्यांनी वकिलाच्या शिक्क्यासह तीन पानं दिली. मॅडम नोटीस वाचून इतक्या हसल्या की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. म्हणाल्या, "या वकिलाने साहेबांच्या सीएला विचारलेलं दिसत नाही."

नोटिशीत साहेबांचा खाते क्रमांक होता. त्यावर मी एक लाख चौसष्ट हजार तीनशे, एकेक रुपया, बँकेतून पाठवले. सोबत रजिस्टर पत्राने उत्तर: आपण लिहिल्याप्रमाणे आपलं उत्पन्न आपल्याला परत केलं आहे, मागच्या तीन वर्षांचंही आपलंच असल्याचं आपण मान्य केलं आहे, त्याची प्रत मी प्राप्तिकर खात्याला देत आहे. खाली माझी सही. आणि मी खातं बंद केलं.

परवा माझं रिटर्न भरलं. उत्पन्न एक लाख एक्याण्णव हजार. कर शून्य. छत्र्या धरल्या नाहीत. मॅडमना शेवटी विचारलंच. तलाठ्यांना रिटर्न आणि नोटीस दोन्ही दाखवली. दाखला अजून हातात नाही. ते म्हणाले, वरून विचारतील. विचारू देत. मला उत्तर पाठ आहे.

खात्याकडून मलाही विचारणा येईल, मॅडमनी सांगून ठेवलंय. रतनने बाजारात माझ्याबद्दल काय काय पसरवलंय ते समीक्षा ऐकून येते. भीती गेली असं म्हणणार नाही. रोज सकाळी असते. डबे भरते, तेव्हाही असते.

तुम्ही लिहिलंत, आपण कोण, ते कोण. आबा, ते कोण हे त्यांनीच लिहून दिलं. आपण कोण हे आपण लिहायचं आहे. पंधरा तारखेला रिटर्नची मुदत संपते. मी तुमच्यासाठी फॉर्म भरणार नाही.

यशोधरा


आंदर मावळ,
१२ सप्टेंबर २०२५

चि. यशोधरा हीस,
जय भीम.

पत्र कंडक्टरच्या हाती देतोय, टपालाला येळ न्हाई.

काल वडगावला बँकेत गेलो. बँकेतला सायब म्हणाला, "बाबा, कशाला या वयात?" म्हणालो, कार्ड बंद करा, मग वय विचारा. उतारा दिलाय त्यानं, सव्वीस पानं हायती. रात्री तुझ्या काकूला एकेक पान वाचून दाखवलं. नऊ लाखांवर आल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "आन आपण तीन हजारांत खुश व्हतो?"

रतनचा फोन टेकाडावर जाऊन घेतला. म्हणाला, "आबा, तुम्ही तरी मिठाला जागा." मी म्हणालो, "मीठ मी वडगावच्या बाजारातनं इकत आणतो. तुमी खाल्ली ती माझी सही." मग लय ओरडलो. सगळ्या वाडीनं ऐकलं, ऐकू दे.

परवा रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. उतारा, पॅन, चष्मा घेऊन येतो. तीन हजारांचा म्हयन्या-म्हयन्याचा हिशेब मांडलाय, तुला सावलीवर लावल्याबद्दल घेतलेले ते दगाबाजीचे हजारबी त्यात लिव्हलेत. त्या बाईंना सांग, म्हातारा हळू वाचतो, घाई करायची न्हाई. तू बाजूला बसलीस तरी चालंल, न्हाई बसलीस तरी चालंल.

सही मी वाचून करणार हाय.

गोरख